बायका बघत होत्या

हुपरी, १ जानेवारी २००४

महादेवी,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि पेन थांबलं. सासूला न सांगता कोल्हापूरच्या स्टँडवरून निघून गेलेल्या सुनेला काय लिहायचं असतं, ते आमच्या सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवलं नव्हतं. तरी आशीर्वाद. तुला थोडा, मुत्तूला पोतंभर.

मी शेंगा घ्यायला वळले, तेवढ्यात तू हुपरीच्या गाडीच्या रांगेतून निघालीस आणि पोराला घेऊन कोडोलीच्या गाडीत चढलीस. खिडकीतून माझ्याकडे बघितलंससुद्धा. मी वेड्यासारखी हात करत राहिले. मला वाटलं, तू चुकून चढलीस. शेंगांची पुडी घेऊन एकटी हुपरीत उतरले, तर धोंडुबाई समोरच. "सून कुठं, नातू कुठं?" मी म्हटलं, "माहेरला गेलीया. पहिलटकरीण हाय, ऱ्हाऊ दे की आईकडं चार दिवस." बघ, तुझी बाजू मीच सावरली.

आता माझं ऐक. त्या दिवशी दवाखान्यात अनुजा मॅडमनी "बाळाला काय पाजता?" असं तुला विचारलं आणि तुझ्या आधी मी बोलले, "डब्याचंच दूध." त्याचा तुला राग आला असणार. अगं, ते खोटं कुठं आहे? डब्याचंच तर पाजतो. बारशाला एकदा अंगावर घेतलंस, ती काय धरून बसायची गोष्ट आहे? घरात बायका मावत नव्हत्या, घुगऱ्या वाटायच्या राहिलेल्या, माझ्या राजेश्वरीला लग्नासाठी बघून गेलेली माणसं पाळण्याजवळ बसलेली. पोर रडायला लागलं आणि तू उठून बाटली आणायला निघालीस. चारचौघीत बाटली! मी "घे की अंगावर" म्हणाले. कुठलीही सासू हेच म्हणाली असती.

पाकीट नीट चिकटवलं आहे, म्हणून तो शब्द लिहिते. तुझ्या आणि शिवूच्या रक्तात एचआयव्ही निघाला हे घरात तू, मी, शिवू आणि त्याचे वडील, एवढ्यांनाच माहीत आहे. ते तसंच राहू दे. राजेश्वरीची सोयरीक जमेपर्यंत तरी. तुझ्या आईला काही सांगितलं नसशील अशी आशा करते.

शिवू पैंजणांचा माल घेऊन सेलमला गेला आहे. हे तर बोलतच नाहीत, नुसते घुंगरू ओवत बसतात. मुत्तूचे वाळे इथेच राहिले. कधी येतेस ते कळव.

तुझी सासू,
रत्नव्वा


हुपरी, १४ मार्च २००४

महादेवी,

तुझं उत्तर नाही. कोडोलीत टपाल जात नाही असं तर नाही ना? तुझा भाऊ बाळासो बाजारात भेटला, तर मान फिरवून निघून गेला. म्हणजे तू आईला सांगितलंस. सांग. आईला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं.

राजेश्वरीचं लग्न नऊ मेला ठरलं. मोठी वहिनी मांडवात नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? तू ये. दोन दिवस ये, मग परत जा.

हे वाक्य लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. "लोक काय म्हणतील" हे माझ्या तोंडून सुटतच नाही. तुला माहेरी बाळंतपणाला पाठवलं नाही, ते तरी कशापायी? दवाखान्यात सारखं दाखवायला लागतं हे कारण होतं, पण खरं कारण हे की तुझ्या आईला कळू नये. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली, पहिलटकरीण सासरी कशी काय ठेवली? त्यावर तू बाटली पाजणार. दोन आणि दोन चार करायला बायकांना किती वेळ लागतो?

तू नंतर आलीस, तुला आकाराम माहीत नाही. आपल्या मागच्या गल्लीतला, शिरोली एमआयडीसीत ओतकामाला होता. शहाण्णव साली ह्याच रोगानं गेला. खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. त्याची गादी जाळली, आणि त्याच्या बायकोची, चिमणाबाईची, घागर नळावर रोज सगळ्यांत मागं सरकायची. सरकवणारे हात कुणाचे, ते मला विचारू नकोस. घागरीनं होत नाही, ताटानं होत नाही, गादीनं होत नाही, हे मला अनुजा मॅडमनी सात वर्षांनी सांगितलं. तोवर चिमणाबाई गाव सोडून गेली होती. मला आपल्या घागरीची भीती वाटली, महादेवी. दुसरं काही नाही.

मागच्या पत्रात मी "एकदा" लिहिलं होतं. एकदा नव्हे. ते तुलाही माहीत आहे, मलाही.

रत्नव्वा


हुपरी, २० जून २००४

महादेवी,

लग्न झालं. पंगती झाल्या, मानपान झाला, कुणी रुसलं नाही. तू आली नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं, बाळाला ताप आहे. असं पोराच्या ताटात ताप वाढून मी लेकीचं लग्न लावलं. घरी येऊन देवापुढं नाक घासलं.

परवा कोल्हापूरला गेले. यांना सांगितलं, अंबाबाईला जाते. गेले दवाखान्यात. अनुजा मॅडम म्हणाल्या, "महादेवी नाही आली?" मी म्हटलं, माहेरी आहे. मग इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "मॅडम, माझ्या वळखीत एक बाई हाय. तिच्या सुनंला बी हेच हाय. ती पोराला डब्याचं बी पाजती आणि अंगावरचं बी. चालतंय न्हवं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या वयानं माझ्या राजेश्वरीएवढ्या, पण तेव्हा मला त्यांची भीती वाटली. म्हणाल्या, आईकडून बाळाला हे तीन वाटांनी जातं. पोटात असताना, बाळंत होताना, आणि दुधातून. बाळंतपणाची वाट अडवायला आपण कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी देतो आणि बाळाला जन्मल्यावर थेंब. दुधाची वाट अडवायला एकच पथ्य, पाजायचं तर नुसतं डब्याचं, नाहीतर नुसतं आईचं. दोन्ही मिळून कधीच नाही. वरच्या दुधानं, पाण्यानं बाळाच्या नाजूक आतड्याला बारीक इजा होते, आणि त्यावर आईचं दूध गेलं की रोगाला आत शिरायला दार मिळतं.

मला पॉलिशच्या आधी चांदीवर दिसणारे चरे आठवले. डोळ्याला दिसत नाहीत, पण काळं सगळं त्यातच जाऊन बसतं.

आणि हे मी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. हेच मॅडमनी तुला सातव्या महिन्यात सांगितलं होतं, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते. "पटलं का आजी?" म्हणाल्या, तर मी मोठ्या तोंडानं म्हटलं होतं, "आमी डब्याचंच पाजणार, पैशाला कमी न्हाय आमच्यात." त्याच दिवशी त्यांनी शिवूला निरोधची पाकिटं दिली, यापुढं ती वापरल्याशिवाय बायकोजवळ जायचं नाही म्हणून बजावलं, आणि मी पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत होते. तेवढी लाज मला वाटली. खरी लाजायची वेळ आली, तेव्हा वाटली नाही.

बारशानंतर काय झालं ते लिहिते. तू वाचताना तुझ्या आईनं ऐकलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी धोंडुबाई आली, मी तुला डोळ्यांनी खुणावलं. तू पोर अंगावर घेतलंस. ती गेल्यावर पुन्हा बाटली. मग रोज कुणी ना कुणी. बायका आल्या की अंगावर, बायका गेल्या की डबा. तू एकदा म्हणालीस, "आत्ती, मॅडम नको म्हणाल्यात की वो." मी म्हटलं, "मॅडमला काय जातंय, तिला लेकीचं लगीन करायचं न्हाय." तू रडत पाजत होतीस आणि आलेल्या बायका म्हणत होत्या, सून किती हळवी आहे.

अनुजा मॅडमना मी खरं सांगितलं नाही. "वळखीतल्या बाईला सांगतो," म्हटलं आणि उठले. त्या म्हणाल्या, "त्या बाईला इकडं घेऊन या. मी रागावणार नाही." जिन्यावर येऊन बसले. 

मुत्तूची पक्की तपासणी दीड वर्षाचा झाल्यावर होते म्हणे. त्याआधी त्याच्या रक्तात आईचीच खूण असते, त्यामुळे काही कळत नाही. म्हणजे पुढचा मे. तोवर मी इथं दिवस मोजते. तुझं काय होत असेल?

रत्नव्वा


हुपरी, ६ फेब्रुवारी २००५

महादेवी,

आज मी एक काम करून आले. ऐकून तुला बरं वाटेल असं मला वाटतं, म्हणून आल्या आल्या लिहायला बसले.

राजेश्वरीला सातवा लागला. आज तिच्या सासरी डोहाळजेवण होतं. हिरवा चुडा, फुलांची वाडी, पाच प्रकारचे भात, विहीणबाईंनी काही कमी केलं नाही. मी महिनाभर राजेश्वरीच्या मागं लागले होते, त्या रक्ताच्या तपासणीचं बघ, दोघांचीही करून घे. ती म्हणायची, "आई, सासूबाईंना कसं विचारू?" मग आज मीच विहीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "असली भानगड आमच्या घरात न्हाय, पावणं! खानदानी माणसं आमी."

महादेवी, मी अगदी हेच वाक्य बोलले होते. मॅडमनी पहिल्यांदा तुझं रक्त मागितलं तेव्हा. शब्दाला शब्द.

मग मी गप्प बसले नाही. सगळ्या बायका ओटी भरायला बसलेल्या. मी म्हटलं, "आमी बी खानदानीच हाय. माझ्या सुनंला हाय त्यो रोग. लेकाला बी हाय. बारशाला तुमी समद्या आल्ता न्हवं? ती पाजत व्हती ती बघितली न्हवं? पाजू नको म्हणून डाक्टरनं सांगितल्यालं. तुमी बघताय म्हणून मी पाजाय लावली. म्हणून सांगतो, आधी तपासा. येळंत कळलं तर पोर वाचतंय."

ताटात भात तसाच राहिला. कुणीतरी माझ्याजवळचा तांब्या उचलून पलीकडं ठेवला. मी तो हात ओळखला, अगं, तो माझाच हात होता, नळावरचा. राजेश्वरी उठून आत गेली. जाताना म्हणाली, "आई, आजच सांगायचं व्हतं?" जावई मात्र मला गाडीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, सोमवारी दोघं जाऊन तपासणी करतो.

येताना गाडीत मी हलकी झाले होते. वर्षभरात पहिल्यांदा. तुला काय वाटतं ते लिही.

रत्नव्वा


हुपरी, २ मार्च २००५

महादेवी,

तुझं कार्ड आलं. वर्षभर वाट बघितली, आणि आलं ते चार ओळींचं. पोस्टमननं वाचलं असणार, वाचू दे. मी ते पाठ केलं आहे.

"आत्ती, माझा रोग गावाला सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं? मला विचारलं होतं का? सांगायचाच होता तर आधी लेकाचं नाव घ्यायचं. मुत्तूची तपासणी २४ मेला आहे. यायचं असेल तर या, पण मॅडमना खरं सांगायला या."

दोन दिवस मी चूल पेटवली नाही. यांनी बाहेरून वडे आणले.

तू म्हणतेस ते खरं. पाजायला लावताना तुला विचारलं नाही आणि सांगतानाही विचारलं नाही. मला वाटलं मी पापाचं ओझं उतरवते आहे. उतरवलं ते तुझ्या डोक्यावर. आता कोडोलीतही बायका बघत असतील, आणि ह्या खेपेला त्या माझ्यामुळं बघतात. हलकी झाले म्हणून लिहिलं होतं, ते खोडून टाक.

आणि लेकाचं नाव. "माझ्या सुनंला हाय" आधी आलं तोंडात, "लेकाला बी" नंतर. घरात रोग आणला कुणी? परगावच्या लॉजवर कोण राहत होतं? मी शिवूला आजवर एक शब्द विचारलेला नाही. ज्यानं आणलं त्याच्या भातावर रोज तूप वाढते, आणि तुला मात्र डोळ्यांनी खुणावत होते. काल त्याला समोर बसवलं. म्हटलं, "तू सांग, कुठनं आणलास?" तो रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. असं पहिल्यांदाच घडलं.

राजेश्वरीची आणि जावयांची तपासणी चांगली आली. तिनं ते शेजारणीकरवी कळवलं. माझ्याशी ती अजून बोलत नाही.

२४ मेला मी येते. कोल्हापूरच्या स्टँडवर नऊला उभी राहीन. तू बोलली नाहीस तरी चालेल, मी मागून चालत येईन.

रत्नव्वा


हुपरी, २५ मे २००५

महादेवी,

काल आपण दिवसभर बरोबर होतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. जे तुला सांगायचं ते काल राहूनच गेलं, म्हणून.

मुत्तू केवढा झाला! तुझ्या पदराआडून माझ्याकडे परक्या बाईकडं बघावं तसं बघत होता. वाळे आणले होते, ते पायात चढेनात. हौसेनं केलेले वाळे पिशवीतून तसेच परत आणले.

मॅडमनी विचारायच्या आधीच मी सांगितलं. "वळखीतली बाई मीच," म्हटलं. "सहा आठवडं दोन्ही पाजलं आणि तुमच्याम्होरं खोटं बोलले." त्या खरंच रागावल्या नाहीत. नुसतं लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी चिठ्ठी आली. मॅडमनी आधी तुझा हात धरला, तेव्हाच मला कळलं. मुत्तूला आहे. मग त्या पुष्कळ बोलल्या. रोज एक पातळ औषध द्यायचं, वजन बघत राहायचं, गरज पडली की मोठ्या गोळ्या, त्या आता सरकारातून मिळतात, पोर शाळेत जाईल, खेळेल. मला मधलं मधलंच ऐकू आलं. मी एकच विचारलं, "मॅडम, दुधातनंच झालं न्हवं?" त्या म्हणाल्या, "आजी, ते सांगता येत नाही. पोटात झालं असेल, बाळंतपणात झालं असेल. गोळी दिली तरी काही बाळांना होतंच. आता कुणालाच सांगता येणार नाही."

आणि तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "ऐकलंसा न्हवं आत्ती? सांगता येत न्हाई."

दीड वर्षात पहिल्यांदा तू माझ्याशी नीट बोललीस, आणि बोललीस ते माझ्यासाठी. तुझ्या पोराचा निकाल हातात असताना. मी रात्रभर त्या शब्दांना धरून बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मॅडमना सांगता येत नसेल. पण तीन वाटांतली बाळंतपणाची वाट तू अडवली होतीस, गोळी खाऊन, थेंब पाजून, आणि दुधाच्या वाटेवर दार उघडून मी उभी होते. तू दिलेलं मी घेणार नाही, महादेवी. तू दिलंस एवढं मात्र विसरणार नाही.

सोमवारी मी कोडोलीला येते. राहायला नव्हे, तुझ्या आईचा उंबरा मला ओलांडू द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तू शिलाईच्या कामावर जातेस, औषध वेळेवर द्यायला घरात माणूस लागेल. तुझ्या आईच्या डोळ्याला दिसत नाही. मला दिसतं. आणि कुणी बाई विचारायला आली की पोराला कसलं औषध देता, तर काय सांगायचं ते तू मला आधी सांगून ठेव. तू सांगशील तेवढंच बोलेन.

एक राहिलं. काल परतताना स्टँडवर गाडीला उशीर होता. मुत्तू किरकिरायला लागला. तू पिशवीतून जेवणाचा डबा काढलास आणि पोर माझ्या मांडीवर ठेवलंस. मी झाकण हातात घेऊन नुसती बसून राहिले. चार पोरांना भरवलेली बाई मी, आणि मला कळेना. तुला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "काय देऊ गं ह्याला?"

तू रस्त्याकडे बघत म्हणालीस, "भात द्या, केळं द्या. आता काय बी दिलं तरी चालतंय, आत्ती."

मग मी त्याला भात भरवला. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. त्यानं सगळा खाल्ला.

रत्नव्वा